बोटांना कळेनासं होतं तेव्हा

ग्राइंडर बंद केला तरी हातात तो थोडा वेळ चालूच राहतो. दिवसभर मशीन धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तळव्यात झिणझिणी उरते, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पाण्याचा ग्लास उचलला तर तो किती घट्ट धरलाय याचा नीट अंदाज येत नाही. मग माणूस हात झटकतो, दोन-चार वेळा मुठी आवळतो, सोडतो, तळवे एकमेकांवर चोळतो आणि पुढच्या कामाला लागतो. थोड्या वेळाने मुंग्या जातात. गेल्या म्हणजे विषय संपला, असंच सगळे धरून चालतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाताच्या, मनगटाच्या, कमरेच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं रोज माझ्यासमोर बसतात. ‘मला मशीनच्या थरथरीचा त्रास झालाय’ असं म्हणत त्यातलं जवळजवळ कुणीच येत नाही. कुणाची रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते. कुणाच्या हातातून वस्तू निसटतात. कुणी कंबर दाखवायला येतं आणि निघता निघता, दाराशी उभं राहून, बोटांचं सांगतं. कापलं, भाजलं, हाड मोडलं तर त्या दिवसाची तारीख सांगता येते, रजिस्टरमध्ये नोंद होते, घरचे विचारपूस करतात. थरथरीने हळूहळू होणाऱ्या इजेला तारीख नसते, व्रण नसतो, सूजही बहुतेकदा नसते. म्हणून ती इजा आहे हेच कुणी धरत नाही. ज्याला झालीय तोसुद्धा तिला वय म्हणतो, थंडी म्हणतो, अशक्तपणा म्हणतो. मला याचा मनापासून राग येतो. स्पर्श जाणं ही बोट जाण्याच्याच जातीची गोष्ट आहे, फक्त बोट जागेवर दिसत राहतं.

माझे काका फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या भागाच्या कडांना जास्तीचं लोखंड चिकटलेलं असतं, ते छिन्नीने आणि ग्राइंडरने काढून भाग साफ करायचा, हे फेटलिंग. काकांचा हात त्या कामात पक्का मानला जायचा. चाक टेकवल्यावर किती माल उतरला हे ते हाताला येणाऱ्या थरथरीवरून सांगायचे, बघायची गरज पडायची नाही. त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. दाराशी आल्यावर काका खिशात हात घालायचे आणि नुसती किल्ली कधी बाहेर यायची नाही. खिशातलं सगळंच मुठीत यायचं, नाणी, किल्ली, चिठ्ठ्या, एखादा स्क्रू. ते सगळं डाव्या तळव्यावर पसरून ते डोळ्यांनी किल्ली शोधायचे. सदऱ्याची बटणं लावायला आरशासमोर उभे राहायचे, कारण बटण काजातून पार गेलं की नाही हे बोटांना कळत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “अगं, बोटं जाड झालीत माझी, एवढंच.” बोटं जाड झालेली नव्हती. बोटं तीच होती, त्यांच्यातली जाण गेली होती.

ही जाण कशी जाते हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत, जरा खोलवर, कंप टिपणारी सूक्ष्म स्पर्शेंद्रियं असतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जातात. सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणारा कंप त्यांना सगळ्यात चांगला कळतो, आणि कातडी एका मायक्रॉनहून कमी हलली तरी ती दखल घेतात. हातातल्या अवजाराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे आपल्याला मुख्यतः त्यांच्यामुळे कळतं. पेनाखालचा कागद खरखरीत आहे, ड्रिलचं बिट पलीकडे निघालं, चाक लोखंडावरून वेल्डवर चढलं, हे सगळं तिथे कळतं. काकांच्या हाताची सगळी हुशारी इथे राहत होती, आणि मशीन नेमका इथेच तासन्‌तास मारा करत होतं.

सुरुवातीला ही इंद्रियं थोड्या वेळापुरती सुन्न होतात आणि परत जागी होतात. येऊन जाणाऱ्या मुंग्या त्या काळातल्या. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की बोटांतल्या मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, काही तंतू नाहीसे होतात, आजूबाजूला घट्ट तंतुमय पेशीजाल वाढतं. मग मुंग्या उशिरापर्यंत राहायला लागतात, रात्री उठवायला लागतात, आणि बऱ्याच वर्षांनी मुंग्याही येत नाहीत. रोगी ‘आता त्रास कमी आहे’ असं सांगतो तेव्हा मी दोन टोकं बोटाच्या पेरावर टेकवून विचारते, एक लागलं की दोन? डोळे मिटून तो खूप वेळ विचार करतो. निरोगी बोटाला दोन-तीन मिलिमीटरवरची टोकं वेगळी कळतात. याला दुप्पट अंतरावरही ‘एकच’ वाटतं.

त्यात आणखी एक दुष्टचक्र आहे. स्पर्श कमी झाला की माणूस मशीन अधिक घट्ट धरतो, कारण पकड पुरेशी आहे याची खात्री बोटं देत नाहीत. आणि मूठ जितकी घट्ट, तितका कंप हातात जास्त शिरतो. काकांच्या मुठीत सगळा खिसा यायचा, त्यामागेही हेच होतं.

दुसरी इजा रक्तवाहिन्यांची. तिचं रूप मात्र एकदा पाहिलं की विसरत नाही. गार सकाळी, किंवा थंड धातू हातात घेतल्यावर, एका बोटाचं टोक पांढरं पडतं. फिकट नव्हे, मेणचट पांढरं. रंग हळूहळू खाली सरकतो, एक पेर, मग दुसरं, आणि पांढऱ्या भागाची सीमा इतकी रेखीव असते की पेनाने आखून दाखवता येते. त्या भागाला टाचणी लागली तरी कळत नाही. बऱ्याच वेळाने रक्त परत येतं तेव्हा बोट निळसर होतं, मग लालबुंद, आणि तेव्हा ठणका लागतो. थंडीने बोटांच्या धमन्या आकसण्याच्या या प्रकाराचं वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये केलं, म्हणून त्याला रेनोचं नाव आहे. थरथरीमुळे होतो तेव्हा अंगठा बऱ्याचदा सुटतो आणि ज्या बोटांवर मशीनचा भार येतो ती आधी पांढरी पडतात. बोटांतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीतला स्नायू जाड होतो, आतलं अस्तर दुखावतं, त्यातून थंडीला प्रतिसाद म्हणून वाहिनी आकसते ती प्रमाणाबाहेर. रोगी डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत हात गरम झालेला असतो, रंग नेहमीचा असतो. दाखवायला काहीच उरत नाही. हल्ली मी सगळ्यांना सांगते की बोट पांढरं पडलं की आधी फोनने फोटो काढा.

हे सगळं नवीन नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच छळतं. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्या कामगारांच्या हातांबद्दल इटलीत जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ मध्येच लिहिलं होतं. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन ही डॉक्टर अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवर गेली, भर हिवाळ्यात. तिथले पाथरवट हवेवर चालणाऱ्या हातोड्याने दगड कोरत. तिने तपासलेल्या ३८ जणांपैकी ८९ टक्के लोकांची बोटं पांढरी पडत होती, आणि छिन्नी धरणारा डावा हात उजव्यापेक्षा जास्त बिघडलेला होता. हा तिचा अहवाल सरकारी कामगार खात्याने छापला. कुणी दडपला नाही, कुणी खोटाही ठरवला नाही.

१९७८ मध्ये संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले. त्याच खाणी, तशीच हत्यारं. त्यांनी ३० पाथरवट तपासले. त्यातल्या ८० टक्के लोकांची बोटं पांढरी पडत होती.

साठ वर्षं. हॅमिल्टनने तपासलेल्या माणसांची नातवंडं त्या वेळी कामाला लागली असतील, आणि त्यांच्या हाताला तेच होत होतं. माहिती कागदावर होती, पण ती माहिती आणि तो हातोडा एकमेकांना भेटले नव्हते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकांचा तळवा आठवला, नाण्यांतून किल्ली वेचणारा.

मात्र हातोडा बदलला की काय होतं हेही माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. फिनलंडमध्ये जंगलकामगारांच्या एका गटावर १९७२ पासून जवळजवळ दोन दशकं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला त्यातल्या ४० टक्के लोकांची बोटं पांढरी पडत होती. त्या काळात चेनसॉ बनवणाऱ्यांनी इंजिन आणि मूठ यांच्यामध्ये रबराचे आणि स्प्रिंगचे सांधे घातले, सॉ हलकी केली. मुठीवर मोजलेला कंप १४ मीटर प्रति सेकंद वर्गावरून (हे त्वरणाचं एकक) २ वर आला. १९९० पर्यंत पांढऱ्या बोटांचं प्रमाण ५ टक्क्यांवर उतरलं. काम तेच होतं, झाडं तीच, थंडी तर फिनलंडचीच. मशीन बदललं. ‘सवय होते’, ‘हात कणखर लागतात’, ‘हल्लीची पोरं नाजूक’ ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की ४० आणि ५ हे दोन आकडे मला प्रत्येक शेडच्या भिंतीवर लिहावेसे वाटतात.

कंप मोजतात तो त्वरणात, आणि त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. युरोपच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला समान वाटून हातावर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका कंप आला की मालकाने उपाय करायला हवेत, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. पण हे वाटून घेणं सरळ नाही, वर्गाने आहे. मशीनचा कंप दुप्पट झाला तर परवानगीचा वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. १० चा कंप देणारं मशीन अर्ध्या तासात पहिली मर्यादा गाठतं आणि दोन तासांत दुसरी. उरलेले सहा तास माणूस हात बांधून बसला तरी त्या दिवसाचा कोटा भरलेला असतो. काँक्रीट फोडायचा ब्रेकर हा आकडा सहज ओलांडतो. चाक झिजून वाकडं झालेला, बेअरिंग वाजणारा ग्राइंडर नव्यापेक्षा कितीतरी जास्त हादरतो. देखभालीला आपण मशीनची काळजी म्हणतो. ती आधी हाताची काळजी आहे.

आता कंबर. इथे मी जरा जपून बोलते, कारण कंबर दुखायला कारणं पुष्कळ असतात आणि सगळं खापर एकावर फोडणं खरं नाही. पण ट्रॅक्टर, डंपर, रोलर, फोर्कलिफ्ट, खाणीतली अवजड वाहनं चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी आणि सायटिका जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत परत परत दिसलं आहे. बसलेल्या माणसाच्या धडाला एक स्वतःची लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकाव्यांची. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या वाहनाचे हादरे नेमके या सुमाराला पडतात. तेव्हा सीटवर येतो त्यापेक्षा मोठा हादरा मणक्याला बसतो, शरीर तो वाढवतं. पाठीचे स्नायू दर हादऱ्याला सावरायला धावतात आणि लयीत मागे पडतात, लवकर थकतात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, लगतच्या हाडातून पाझरून येईल तेवढ्यावर त्यांचं पोषण चालतं. त्यांच्यावर दिवसभर असे दाब येत राहिले की झीज आपल्या वेळेआधी सुरू होते, असं मानायला चांगला आधार आहे.

आणि ड्रायव्हर नुसता हादरत नसतो. ट्रॅक्टरवरचा माणूस मागचं अवजार बघायला अर्धा दिवस कमरेत पिळून, मान वळवून बसलेला असतो. डंपरवाला तासन्‌तास बसून शेवटी उंच पायरीवरून दाणकन उडी मारतो. हादरलेल्या, थकलेल्या पाठीवर ती उडी फार वाईट बसते. मी अशा प्रत्येकाला एकच गोष्ट घोकून सांगते. उतरताना पायरी-पायरीने, तोंड गाडीकडे करून उतरा, आणि उतरल्यावर काही मिनिटं चालल्याशिवाय वजन उचलू नका. सीटखाली सस्पेन्शन असेल तर ते आपल्या वजनाला लावून घ्या. नव्वद किलोच्या माणसाला पन्नास किलोला लावलेली सीट दिली तर ती हादरे शोषत नाही, उलट तळाला आपटून जास्तीचे धक्के देऊ शकते. बऱ्याच गाड्यांत हे फिरवायचं बटण असतं आणि शिफ्ट बदलल्यावर कुणी त्याला हातही लावत नाही. गाड्या चालण्याच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवणं आणि वेग कमी ठेवणं याचा फायदा कुठल्याही महागड्या सीटहून जास्त होतो.

हातमोज्यांबद्दल मला नेहमी विचारतात. कंपरोधक म्हणून विकले जाणारे मोजे वेगवान, बारीक कंप थोडाफार अडवतात. साधारण १५० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला १५० कंपांच्या, खालचा जाड हादरा, म्हणजे ब्रेकरचा, हॅमरचा, त्यांच्यातून जवळजवळ तसाच आत येतो. शिवाय जाड मोज्यात पकड घट्ट करावी लागते. पण मोजा हात गरम आणि कोरडा ठेवतो, कापण्यापासून वाचवतो, म्हणून घालावाच. फक्त मोजे दिले म्हणजे मालकाचं काम झालं, असं नाही. आधी ते काम मशीन हातात न धरता होईल का ते बघायचं, नाही तर कमी हादरणारं मशीन आणायचं, तेही नाही तर वेळ वाटून द्यायची. मोजे या यादीत शेवटी येतात. सिगारेटचंही सांगायला हवं. निकोटिनने धमन्या आकसतात, आणि आधीच आकसणाऱ्या बोटांना ते अजिबात परवडणारं नाही.

परत बरं होतं का, हा प्रश्न ज्याला त्रास आहे तो खालच्या आवाजात विचारतो, कारण उत्तराची त्याला भीती असते. बोटं पांढरी पडणं लवकर पकडलं आणि मशीन सुटलं तर कित्येकांमध्ये ते कमी होतं, तरुणांमध्ये जास्त. त्याला वर्षं लागतात, पण होतं. गेलेला स्पर्श मात्र बहुतेकदा परत येत नाही. मी व्यायाम देते, पोत ओळखायचा सराव करून घेते, डोळे मिटून वस्तू हाताळायला लावते, त्याने उरलेल्या जाणिवेचा वापर सुधारतो. नसलेली जाणीव मी आणू शकत नाही. मनगटातली नस दबली असेल तर शस्त्रक्रियेने तेवढा भाग सुटतो, पण बोटांच्या टोकाशी झालेली हानी तिथेच राहते. म्हणून सगळी मदार लवकर कळण्यावर आहे, आणि लवकरची खूण एकच, ती म्हणजे मुंग्या. मशीन खाली ठेवून वीस मिनिटं झाली तरी त्या जात नसतील तर त्या झटकायच्या नाहीत, तपासून घ्यायच्या.

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर लिहिताना सांगितलं होतं की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक विचारा, तुमचा धंदा काय? माझ्याकडच्या केसपेपरवर धंद्याला एक रकाना आहे आणि त्यात ‘नोकरी’ किंवा ‘कंत्राटी’ असं लिहून येतं. त्यातून काहीच कळत नाही. मी त्याच्या खाली हाताने लिहून घेते: हातात किंवा बुडाखाली कोणतं मशीन असतं, प्रत्यक्ष चालू असताना दिवसात किती वेळ, आणि काम सुटल्यावर मुंग्या कधीपर्यंत राहतात. वेळ विचारला की लोक अख्खी शिफ्ट सांगतात. ट्रिगर दाबलेला असतो तेवढाच वेळ मोजायचा आहे असं समजावलं की आकडा खाली येतो, आणि तो खरा आकडा धोक्याचा असेल तर मालकाशी बोलायला ठोस काहीतरी हाताशी असतं. मशीनच्या माहितीपुस्तकात कंपाचा आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला असतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त निघू शकतो, तरी सुरुवात म्हणून चालतो.

मुंग्यांच्या प्रश्नाला अनेकदा एकच उत्तर मिळतं, “त्या काय, आमच्याकडे सगळ्यांनाच येतात.” असं कुणी म्हणालं की मी त्याच्या तपासणीबरोबर एक वेगळी चिठ्ठी लिहून देते, कंपनीच्या नावाने. त्या शेडमध्ये मशीन धरणाऱ्या प्रत्येकाचे हात या महिन्यात तपासून घ्या, सुरुवात सगळ्यात नव्या मुलापासून करा.